पोस्टमास्तर लोकलमध्ये अडकल्यावर ऑफिस कोण सांभाळणार?

वरून परिपत्रक येवो न येवो, पावसाळ्यात पोस्टात पाणी शिरतं त्या दिवसासाठी मे संपायच्या आत एक काम करा. ऑफिसात कोण कुठून येतं ते कागदावर मांडा. सर्व्हिस बुकातला पत्ता नको, चालत किती वेळ लागतो ते लिहा. नवी मुंबईतल्या एका तळमजल्यावरच्या उपडाकघरातून मी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. आमचे बरेचसे लोक ठाण्याहून नाहीतर पनवेलहून यायचे, एक क्लार्क थेट बदलापूरहून. रुळांवर पाणी आलं की ऑफिसपर्यंत पोचणार कोण? शेजारच्या सेक्टरातला पोस्टमन. मग मेन स्विच कुठे आहे, कुठलं कपाट आधी रिकामं करायचं, वरच्या मजल्यावर कुणाच्या दारावर थाप मारायची, हे त्याला पाठ हवं. आपल्याकडचे आराखडे पोस्टमास्तर हजर आहे असं धरून लिहिलेले असतात. त्या दिवशी पोस्टमास्तर ठाणे स्टेशनात उभा असतो.

तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, तो नियम मोडायचा नाही. पण ते दोघंही कर्जतच्या बाजूचे नसावेत. दोघांपैकी कुणी पोचला नाही तर किल्ली कुणाकडे जाईल, ती पर्यायी व्यवस्था विभागीय कार्यालयाकडून आधीच लेखी मंजूर करून घ्या. फोनवरचं ‘बघू नंतर’ कामाचं नाही.

भरतीचं वेळापत्रक काउंटरच्या आतल्या भिंतीवर लावा आणि ४.५ मीटरच्या वरच्या भरत्या लाल पेनाने गोल करा. बेलापूरसारख्या सखल भागात निव्वळ पावसाने एवढं पाणी तुंबत नाही. पारसिकच्या डोंगरावरचं पाणी खाली येतं, त्याच वेळी खाडीला भरती असली की धारण तलावांची (शहराचं पावसाचं पाणी साठवून खाडीत सोडणाऱ्या तळ्यांची) झडपं मिटलेली असतात आणि ओहोटी लागेपर्यंत पाणी शहरातच थांबतं. म्हणून जोराचा पाऊस आणि लाल गोल एकाच दुपारी आले, तर उचलाउचल सकाळीच सुरू करायची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस आला तर उंबऱ्यातली वाळूची पोती काय पुरणार! पण दरवर्षीच्या गुडघाभर पाण्याला ती पुरतात.

जूनपासून सॉर्टिंग केसचा (टपाल वेगळं करायच्या खणांच्या कपाटाचा) सगळ्यात खालचा कप्पा आणि कपाटांचे तळ रिकामे ठेवा. यूपीएस जमिनीवर नको. तिकिटांच्या पानांमध्ये बटर पेपर घालून डबे घट्ट बंद करा, नाहीतर दमट हवेनेच गोंद चिकटतो, पुराची गरजच नाही.

पाणी आत शिरू लागलं की आधी स्पीड पोस्टच्या थैल्या आणि पार्सलं वर न्या. त्यात कुणाचा पासपोर्ट असतो, कुणाचं बँकेचं कार्ड. मग बचत खात्यांचे सहीचे फॉर्म. रोकड शेवटी! हे ऐकून ऑडिटवाले भुवया उंचावतील, पण नोट वाळते, पासपोर्ट वाळून काही उपयोग नाही. मेन स्विच मात्र पाणी प्लगपर्यंत यायच्या आधी, कोरड्या हातांनी.

पोस्टमनला त्या दिवशी बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या फेरीवर, पाठवू नका. गटारांची झाकणं उघडी असतात, वरून दिसत नाहीत. तरीही पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोची (पुराच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवायला लावा, ताप यायची वाट बघायची नाही.

भिजलेली टपालं उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो. पाकीट न उघडता कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा, पंखा लावा, कागद बदलत राहा. ४८ तासांनी बुरशी धरू लागते, तेव्हा ‘सोमवारी बघू’ चालत नाही. जेल पेनचा पत्ता पसरतो. वाचता येतोय तोवर पिन कोड आणि नाव बॉलपेनने पुन्हा लिहून घ्या, जमलं तर फोटोही काढा.

नेटवर्क गेलं की काउंटरवर गर्दी होते ती पैशांसाठी. महिन्याचा पहिला आठवडा असला तर व्याज काढायला आलेले आजी-आजोबा छत्री झटकत उभे असतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पोस्टमन घरोघरी जाऊन हातातल्या यंत्रावर आधारची ओळख पटवून खात्यातली रोकड देत होते, तेच यंत्र इथेही कामाचं. ते रोज चार्ज करा आणि रेंज असलेली जवळची जागा आधीच हेरून ठेवा. शटरवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: आज काय मिळेल, काय नाही, आणि त्यासाठी जवळचं कुठलं पोस्ट चालू आहे. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ला जागा उरली तर लिहा.