थायलंडमधल्या चियांग माईच्या मुआंगमध्ये नवीन आलात तर

पहिलं पत्त्याचं. आपल्याकडे तालुका तसा इथे अम्फो, चियांग माई प्रांतात असे 25 आहेत, आणि मुख्य शहर ज्यात येतं तो अम्फो मुआंग. जवळपास प्रत्येक प्रांतात एक मुआंग असतो, म्हणून पुढे चियांग माई लिहायचंच. एजंट "सिटीमध्येच" म्हणत सान साय नाहीतर हांग डोंगचं घर दाखवतो, ते वेगळे अम्फो, लांब पडतात. मुआंगमधलेच भाग, सुथेप किंवा चांग फुआक बघा.

आता नीट वाचा. री-एंट्री परमिट!! तुमचा व्हिसा इथे एक वर्ष वाढवून मिळाला असेल आणि हे परमिट न घेता तुम्ही देशाबाहेर पाय ठेवलात तर ती मुदतवाढ तिथेच रद्द, पासपोर्टवर तारीख कितीही पुढची दिसू दे. मी दिवाळीला घरी गेलो, आमच्यातल्याच एका जुन्या जाणत्याने सांगितलेलं "व्हिसा आहे ना, मग कशाला हजार बाट घालवतोस", परत आलो तर काउंटरवरची बाई गोड हसली आणि मला टुरिस्ट म्हणून आत घेतलं, मग सगळं पहिल्यापासून, कागद, फी, दोन महिने पगार बंद. एकदाचं परमिट 1000 बाट, कितीही वेळा जायचं तर 3800. तिकिटाआधी ते घ्या. जुन्या जाणत्यांना विचारू नका, माझ्यासकट, थेट इमिग्रेशनला विचारा.

घरमालकाने 24 तासांत तुमची टीएम 30 नोंद, म्हणजे परदेशी माणूस घरात राहतोय हे इमिग्रेशनला कळवणं, करायची असते, करत नाहीत, मागे लागा. दर 90 दिवसांनी तुम्ही स्वतः इमिग्रेशनला पत्ता कळवायचा तो वेगळा.

डिसेंबरात येणारे गार हवा बघून खूश होतात आणि वर्षाचं ॲग्रीमेंट करून टाकतात. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, खोऱ्यात धूर अडकतो, समोरचा दोई सुथेप डोंगर गायब होतो. दमा असेल, लहान मूल असेल तर आधी एक सीझन काढा मग ठरवा.

शाकाहारींनी नुसतं "मांस नको" म्हणू नये, फिश सॉस येतोच. "जे" म्हणा, म्हणजे इथलं कडक शाकाहारी जेवण, त्या दुकानांच्या पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात. त्यात कांदा लसूणही नसतो, आई आली होती तेव्हा तिची चातुर्मासाची सोय झाली.

लाल सोंगथेव म्हणजे आपलं वडाप, हात करा, ठिकाण सांगा, बसा.

आणि दुधाच्या बाटलीवर 2569 बघून दचकू नका, ते इथलं बौद्ध साल, आपलं साल काढायला 543 वजा करायचे.