लहान पोरांसोबत सायकलिंग: गोव्यातल्या रस्त्यांवर, कमी खर्चात काय घ्यायचं आणि काय सोडायचं

पणजीत मिरामारला आयर्नमॅन शर्यतीच्या वेळी लाखालाखाच्या सायकली बघून पुष्कळ आईबापांना वाटतं की हे प्रकरण आपल्या खिशाचं नाही. पण पोराला मागे बसवून शेतातल्या रस्त्याने चक्कर मारायची तर त्याला लाख काय, दहा हजारही लागत नाहीत, फक्त पैसे कुठे घालायचे ते कळलं पाहिजे. माझा हिशोब सरळ आहे: जे पडू देत नाही आणि जे पडल्यावर वाचवतं ते नवीन घ्या, बाकी सगळं जुनं, मागून आणलेलं, मावशीच्या पोराचं, काहीही चालतं. म्हणजे हेल्मेट, ब्रेकशू, टायरट्यूब, पट्टे नवीन. फ्रेम, चाकं, बास्केट जुनं चालेल, आणि सीटही, नीट तपासून घेतली तर.

१. आधी पोर केवढं ते बघा

वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर नेऊच नका, मान तेवढी घट्ट झालेली नसते आणि आपल्याकडचे रस्ते माहितीच आहेत. बाळाला पोटाशी किंवा पाठीला बांधून सायकल चालवणं तर अजिबात नको, तुम्ही पडलात तर ते तुमच्याच खाली येणार. वर्ष-सव्वा वर्षाचं झालं, आधाराशिवाय नीट बसतं, डोक्यावर हेल्मेट ठेवून मान सांभाळतं, की मग सीटचा विचार करा, आणि शंका असेल तर मुलांच्या डॉक्टरला एकदा विचारा. दोनच्या पुढे पेडल नसलेली बॅलन्स सायकल, चारच्या आसपास पेडलवाली. वयापेक्षा उंची आणि पोराची हौस बघा, कोण साडेतीनला पळवतं, कोण सहाला पण घाबरतं, काही बिघडत नाही.

२. हेल्मेट, इथे कंजुषी नको

सायकलवर हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे दुकानदार काहीही गळ्यात मारतात. स्कूटरचं छोटं हेल्मेट घेऊ नका. त्यावर आयएसआय ४१५१ असतं, ते मोटरसायकलसाठीचं मानक आहे, जड असतं, आणि तीन वर्षांच्या पोराच्या मानेवर ते ओझंच, शिवाय आपल्या दमट हवेत आत घाम येऊन पोर पाचव्या मिनिटाला काढून फेकतं. सायकलच्या हेल्मेटवर ईएन १०७८ (युरोपचं मानक) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) असं लिहिलंय का ते आतल्या स्टिकरवर बघा. तेवढं असलं की साधं, कार्टून नसलेलं हेल्मेट पण महागड्याइतकंच काम करतं.

घ्यायला जाताना शिवणकामाची टेप खिशात ठेवा. भुवयांच्या वर बोटभर, मागे डोक्याच्या फुगीर भागावरून मोजायचं, हेल्मेटवर सेंटीमीटरमध्येच साईज असते. घातल्यावर भुवई आणि हेल्मेटच्या कडेमध्ये दोन बोटं मावली पाहिजेत, जास्त नको, कपाळ उघडं ठेवून मागे सरकवलेलं हेल्मेट म्हणजे टोपी. कानाखाली पट्ट्यांचा व्ही झाला पाहिजे आणि हनुवटीखाली एक बोट जेमतेम जावं. मग पोराला सांगा, मोठ्ठी जांभई दे. जांभई देताना हेल्मेट डोक्यावर किंचित दाबलं गेलं तर बरोबर. आंबाडा किंवा उंच पोनी असेल तर बसणार नाही, केस खाली बांधायचे.

हेल्मेट सेकंडहँड घेऊ नका. एकदा जोरात आपटलं की आतला थर्मोकोलसारखा फोम दबतो आणि वरून काही दिसत नाही.

३. तुमची स्वतःची सायकल पोर बसवण्यासारखी आहे का

इथे खरा खर्च वाचतो, कारण घरात पडलेली जुनी सायकल बहुतेक वेळा चालते. फक्त हे बघा.

पहिलं म्हणजे स्टँड. पोरं चालत्याच नाही, उभ्या सायकलवरूनही पडतात, आपण पट्टा लावतोय आणि सायकल कलंडली. एका पायाचा साईड स्टँड नको, पोदेरच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलला असतो तसला दोन पायांचा मजबूत स्टँड बसवून घ्या. आणि खरं सांगायचं तर तुमच्या गावात येणारा पोदेर सायकल कुठे दुरुस्त करतो ते त्यालाच विचारा, रोज एवढं वजन घेऊन चढ-उतार करणाऱ्या माणसाचा मेकॅनिक वाईट असूच शकत नाही.

दुसरं, चाकाचे स्पोक. पोराचा पाय मागच्या चाकात जाणं ही आपल्याकडची जुनीच गोष्ट आहे, घोटा सोलवटून निघतो. साडीगार्ड मिळतो तो लावा, जाळीचा असेल तर उत्तम, आणि पाय ठेवायला पट्टा असलेली जागा हवीच.

तिसरं कुणी बघत नाही ते: जुन्या सायकलींच्या गादीखाली मोठ्या स्प्रिंगा असतात, मागे बसलेलं पोर आधार म्हणून नेमकं तिथेच धरतं, आणि तुम्ही बसल्यावर स्प्रिंग दबून बोटं चिमटतात. जाड रेक्झिन शिवून झाकून टाका किंवा गादी बदला.

ब्रेकशू नवे टाका, दोन्ही बाजूंचे. मागे पंधरा किलो वाढले की पणजीतल्या अल्तिनो टेकडीसारख्या उतारावर सायकल थांबायला किती जागा घेते ते पोर बसवण्याआधी तांदळाची पिशवी बांधून बघा.

४. सीट

दांडीवर लावायची छोटी गादी किंवा हँडलला अडकवायची लोखंडी खुर्ची स्वस्त मिळते आणि आपण बरेचजण तिच्यावरच वाढलोय, पण तिला पट्टा नसतो आणि पाय पुढच्या चाकाजवळ लोंबतात, म्हणून मी ती नको म्हणेन. पाठ टेकायला उंच, खांद्यावरून पट्टे आणि पायाला पट्टा असलेली मागची सीट घ्या. पुढे बसवायच्या सीट साधारण १५ किलोपर्यंत आणि मागच्या २२ किलोपर्यंत असतात, सीटवर छापलेलं असतं ते वाचा. कॅरिअरवर बसणारी असेल तर कॅरिअरची मर्यादा पण बघा, हलक्या कॅरिअरवर २५ किलो असा शिक्का असतो आणि त्यात सीटचं तीन-चार किलो वजन धरायचं.

नवीन चांगली सीट महाग पडते. पण गोव्यात एक सोय आहे जी बाहेर नाही: पेडणे, शिवोली, आसगाव पट्ट्यात लांब मुक्कामाला येणारे परदेशी कुटुंबवाले सीझन संपला की सामान काढतात, त्यात हॅमॅक्स, पोलीस्पोर्टसारख्या कंपन्यांच्या सीट कधीकधी अर्ध्याच्याही खाली मिळतात. एप्रिल-मेमध्ये नजर ठेवा. घेताना प्लॅस्टिक उन्हाने पांढुरकं पडलंय का, बोल्टजवळ केसासारखी चीर आहे का, बकल दहा वेळा लावून-काढून मध्येच अडकून बसतं का ते बघा, आणि सीट सायकलला जोडणारे ब्रॅकेट सगळे आहेत ना ते मोजून घ्या, नंतर एक ब्रॅकेट शोधत फिरणं म्हणजे डोक्याला ताप.

सायकलच्या मागे ओढायचा ट्रेलर? राहू द्या. आपले वाड्यावरचे रस्ते अरुंद, वळणावर समोरून बस, आणि डिचोली-सत्तरीकडे खाणीचे ट्रक.

५. पोराची स्वतःची सायकल

आपल्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची सवय, शर्ट ठीक आहे, सायकल नाही. मोठ्या सायकलवर पोराचे पाय टेकत नाहीत आणि ते घाबरून सोडून देतं. भिंतीला पाठ टेकवून उभं करा, पायांमध्ये पुस्तक वर सरकवून धरा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. सीट पूर्ण खाली केल्यावर तिची उंची यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर कमी हवी.

वजन पण उचलून बघा. आपल्याकडच्या स्वस्त १६ इंची लोखंडी सायकली नऊ-दहा किलोच्या असतात आणि चालवणारं पोर सोळा किलोचं! मडगार्ड, बास्केट, खोटा गिअर, डबलसीट काढून टाकलं तरी बराच फरक पडतो. ब्रेकचं लिव्हर पोराच्या बोटांनी दाबून बघायला लावा, तुमच्या नाही. फोमचे टायर पंक्चर होत नाहीत पण पावसात शेवाळलेल्या अंगणात साफ घसरतात, हवेचे बरे.

बॅलन्स सायकल वेगळी विकत घ्यायची गरजच नाही. जुनी १२ इंची घ्या, साईडची चाकं काढा, १५ नंबरचा पाना घेऊन पेडल काढा. उजवं पेडल नेहमीसारखं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवून सुटतं, डावं मात्र काट्यांच्या दिशेने, त्याचे आटे उलटे असतात, हे माहीत नसेल तर जोर लावून आटेच जातात. उरलेला क्रँक, म्हणजे पेडल लागतं तो दांडा, नडगीला लागतो, तो मेकॅनिककडून काढून घ्या आणि सगळं डब्यात नीट ठेवा, सहा महिन्यांनी परत लावायचंय.

६. बारीकसारीक

मागे लाल आणि पुढे पांढरा चार्जिंगचा लाईट, घंटी, आणि पोराच्या सायकलला बांबूच्या काठीवर केशरी फडकं, गाडीवाल्याला बोनेटच्या पलीकडचं लहान पोर दिसत नाही म्हणून. गुडघ्याचे पॅड घेतले तर घ्या, नाही तर फुलपँट. ओहोटीला पुळणीवर सायकल छान चालते पण खारं पाणी चेन खातं, घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेल घाला, सीटचे बोल्ट स्टेनलेसचे टाकून घ्या.

पहिली चक्कर दिवाडी बेटावर मारा, जुन्या गोव्याहून फेरीबोटीने, खालचा शेतांमधला रस्ता सपाट आहे, पिएदादची टेकडी सोडून द्या. धक्क्याचा उतार ओला असतो, तिथे पोर उतरवून, हात धरून, सायकल ढकलत. घरी आलात की सीटचे सगळे बोल्ट परत आवळा, नवीन बसवलेले पहिल्या चकरेत थोडे ढिले होतातच.