बाळाचा स्टोमा बंद करायचाय? आधी एवढं तयार ठेवा

आमची लेक 29 व्या आठवड्यात झाली, एनईसी झालं म्हणजे आतड्याला सूज येऊन एक भाग काळा पडला, म्हणून इलिओस्टॉमी केली, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढलं (तोच स्टोमा, शी तिथून पिशवीत येते), आणि घरी आल्यापासून माझा एकच धोशा, बंद कधी करणार. साधारण 6 ते 8 आठवडे आणि वजन दोन-अडीच किलो असं सांगितलं होतं तर मी कॅलेंडरवर गोल करून ठेवला. तुम्ही तसं करू नका, नुसते आठवडे मोजून काही होत नाही. फार लवकर पोट उघडलं तर आत आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, आणि फार लांबवलं तर स्टोमातून पाणी-मीठ जात राहतं, बाळ अंग धरत नाही. स्टोमा आतड्यात जितका वर तितकं जास्त जातं, म्हणून वरच्या स्टोमाला डॉक्टर कधीकधी लवकरही बंद करतात.

सगळ्यात आधी वजनाची वही करा. रोज तोच काटा, तीच वेळ, पिशवी रिकामी करून. आमचं वजन बारा दिवस 2 किलो 100 वरच अडकलं होतं, दूध नीट पीत होती तरी, आणि घरात सगळ्यांचं एकच, दूध पुरत नाही वरचं दे. मग डॉक्टरांनी लघवीतलं सोडियम तपासलं, ते खूपच कमी निघालं. रक्तातलं सोडियम मात्र नॉर्मल! म्हणजे शरीर मीठ धरून ठेवायची धडपड करत होतं. त्यांनी मोजून मिठाचं औषध सुरू केलं आणि वजन हललं. हे घरी मनाने करू नका प्लीज, पण लघवीच्या सोडियमचं नक्की विचारा. पिशवीतलं सिरिंजने मोजून लिहा, दिवसाला किलोमागे 20-30 एमएलच्या वर जायला लागलं तर फोन करा.

डाय स्टडी झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. स्टोमाच्या खालच्या, म्हणजे पुढच्या आतड्याकडे जाणाऱ्या तोंडातून डाय सोडून एक्सरे काढतात, कारण एनईसीनंतर पुढचं आतडं, जास्त करून मोठं आतडं, कुठेतरी आखडलेलं असू शकतं आणि ते न बघता जोडलं तर शी तिथेच अडकेल, टाक्यांवर ताण येईल.

हिमोग्लोबिन, रक्तगट, ब्लड बँकेचं आधी बघून ठेवा. महात्मा फुले योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला आधीच विचारा, रेशनकार्ड आणि जन्मदाखला सोबत ठेवा, मंजुरीला वेळ जातो. सर्दी-खोकला असेल तर लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल. आईचं दूध साधारण 4 तास आधी बंद, पावडरचं 6 तास, पण भूलवाले डॉक्टर सांगतील तेच फायनल. आणि बाळ लवकर जन्मलेलं असेल तर भूल दिल्यावर श्वास थांबू शकतो, गर्भातले धरून 60 आठवडे व्हायच्या आधी ऑपरेशन असेल तर रात्रभर मॉनिटरवर ठेवणार ना, हे स्पष्ट विचारा.

ऑपरेशननंतर दूध लगेच मिळत नाही, पोट चालू व्हायला काही दिवस जातात, रडतात बाळं, छातीशी घेऊन बसायची तयारी ठेवा. आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, त्या ढुंगणाच्या कातडीला कित्येक आठवडे शी लागलेलीच नसते, त्यामुळे पातळ शी सुरू झाली की दोन दिवसात लालभडक सोलवटतं. झिंक ऑक्साइडचं क्रीम आणि मऊ सुती कापडं बॅगेतच टाका, पहिल्या शीपासूनच जाड थर लावा, दर वेळी घासून काढू नका, वरचं फक्त पाण्याने टिपून परत लावा.