तोच माणूस, तोच प्रश्न, दरवर्षी: कुटुंब सर्वेक्षणाच्या डेटावर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

मानसशास्त्रात एम.ए. करताना आपल्याकडे प्रबंधिकेसाठी साधारणपणे दीडदोनशे विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली जाते आणि दोन गुणांचा सहसंबंध काढून प्रकरण पूर्ण केले जाते. या वळणात तयार झालेला विद्यार्थी देशव्यापी कुटुंब सर्वेक्षणाकडे वळतो तेव्हा त्याला पहिली भुरळ पडते ती नमुन्याच्या आकाराची. मलाही ती पडली होती. जर्मनीच्या सोशिओ-इकॉनॉमिक पॅनेलवर, म्हणजे ज्याला सगळे ‘सोएप’ म्हणतात त्यावर, काम केल्यानंतर मात्र माझे मत असे झाले की, या डेटाचे खरे मोल त्याच माणसाला तोच प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जाण्यात आहे. आणि ते वसूल करायचे असेल तर उत्तर कोणी, कधी आणि कोणासमोर दिले, हे संख्याशास्त्राच्या आधी शिकावे लागते.

सोएप १९८४ साली पश्चिम जर्मनीत सुरू झाले. बर्लिनची डीआयडब्ल्यू ही संस्था ते चालवते. जून १९९० मध्ये, म्हणजे दोन्ही जर्मनींचे एकत्रीकरण होण्याच्याही आधी, पूर्व जर्मनीतील कुटुंबे त्यात घेतली गेली. निवडलेल्या घरातील सर्व प्रौढांची स्वतंत्र मुलाखत होते, घराविषयीची माहिती एक जण देतो, आणि मुलगा किंवा मुलगी वेगळे घर करून राहू लागली तर सर्वेक्षण त्या नव्या घरापर्यंत जाते. ‘सध्या एकंदर आयुष्याबाबत आपण किती समाधानी आहात?’ हा प्रश्न ० ते १० या मापावर पहिल्या वर्षापासून विचारला जात आहे. ब्रिटनचे ‘अंडरस्टँडिंग सोसायटी’ आणि ऑस्ट्रेलियाचे ‘हिल्डा’ ही याच घराण्यातील सर्वेक्षणे आहेत.

डेटा संशोधनासाठी मिळतो, पण संस्थेमार्फत करार करावा लागतो आणि नाव-पत्ता नसला तरी गोपनीयतेचे नियम पाळावे लागतात. विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या नावाने अर्ज करणे सोयीचे पडते. यात फार काही अवघड नाही. वेळ मात्र हाताशी ठेवावा.

फाइल उघडल्यावर पहिली अडचण उणे संख्यांची येते. सोएपमध्ये −१ म्हणजे उत्तर दिले नाही, −२ म्हणजे प्रश्न त्या व्यक्तीला लागू नव्हता आणि −८ म्हणजे त्या वर्षी तो प्रश्न प्रश्नावलीतच नव्हता. बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता यांसारख्या पाच स्वभावगुणांचे, म्हणजे ‘बिग फाइव्ह’चे, प्रश्न २००५, २००९, २०१३ आणि २०१७ साली विचारले गेले, मधल्या वर्षांत त्या रकान्यात ओळीने −८ दिसते. सॉफ्टवेअरला हे सांगितले नाही, तर ते या −८ ला निमूटपणे खरे उत्तर समजते आणि सबंध देश अचानक अंतर्मुख झाल्याचा निष्कर्ष हाती येतो. म्हणून सरासरी काढण्याआधी प्रत्येक रकान्याचे वारंवारिता कोष्टक, म्हणजे कोणती संख्या किती वेळा आली याचा तक्ता, डोळ्यांखालून घालावे आणि त्या वर्षाची मूळ प्रश्नावली शेजारी उघडी ठेवावी. संशोधन निबंधांपेक्षा प्रश्नावल्या वाचण्यात घालवलेला वेळ अधिक फळाला येतो, असे मी नव्याने येणाऱ्यांना आवर्जून सांगतो.

दुसरी गोष्ट मापनाची. प्रयोगशाळेत एका स्वभावगुणासाठी दहा-बारा विधाने वापरण्याची चैन करता येते. तासाभराच्या घरगुती मुलाखतीत ती परवडत नाही. सोएपच्या २००५ च्या संचात प्रत्येक गुणासाठी फक्त ३ विधाने आहेत आणि सौजन्यशीलतेच्या बाबतीत अल्फा, म्हणजे विधाने परस्परांशी किती जुळतात याचे ० ते १ मधील माप, ०.५ च्या आसपासच येतो. मौखिक परीक्षेत यावर हमखास बोट ठेवले जाते. उत्तर असे की, ही ३ विधाने एकाच अर्थाची पुनरुक्ती न होता गुणाच्या वेगवेगळ्या बाजूंना स्पर्श करावीत अशा बेताने निवडलेली आहेत, त्यामुळे अल्फा कमी येणारच. तथापि मापनातील त्रुटीमुळे संबंध प्रत्यक्षापेक्षा क्षीण दिसतात, हे प्रबंधात स्पष्ट लिहिणे आपले काम आहे.

आता मुख्य मुद्दा. विवाहित लोक अविवाहितांपेक्षा अधिक समाधानी असतात, हे कोणत्याही एका वर्षाच्या आकड्यांत दिसते. लग्नाने समाधान वाढते, की समाधानी माणसांचीच लग्ने अधिक होतात, हे त्यावरून कळत नाही. रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी २००३ साली सोएपच्या १५ वर्षांच्या डेटावर तेच लोक लग्नाआधी आणि लग्नानंतर तपासले, तेव्हा पुढे लग्न करणारे लोक मुळातच थोडे अधिक समाधानी होते, लग्नाच्या सुमारास त्यांचे समाधान किंचित वाढले आणि काही वर्षांत सरासरीने पूर्वपदावर आले, असे आढळले. जोडीदाराच्या मृत्यूनंतर मात्र पूर्वीच्या पातळीजवळ यायला सुमारे ८ वर्षे लागत होती. माणसामाणसांतील फरक आणि एकाच माणसात काळानुसार होणारा बदल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे, हीच या क्षेत्राची बाराखडी आहे. ‘फिक्स्ड इफेक्ट्स’चे, म्हणजे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करणाऱ्या पद्धतीचे, सूत्र पाठ करण्यापूर्वी पाच-दहा व्यक्तींच्या वर्षवार नोंदी कागदावर उतरवून पाहाव्यात, सूत्र आपोआप उमजते.

यातही खाचखळगे आहेत. वारंवार मुलाखत देणारे लोक वर्षे जातील तसतसे थोडे कमी समाधान नोंदवतात, आणि समोर मुलाखतकार बसलेला असताना दिलेले उत्तर स्वतः फॉर्म भरून दिलेल्या उत्तरापेक्षा किंचित गोड असते. ‘वयानुसार समाधान घटते’ असे लिहिण्यापूर्वी हे दोन्ही तपासून घ्यावे.

नातेसंबंधांसाठी हा डेटा विशेष उपयोगी पडतो, कारण प्रत्येक नोंदीत जोडीदाराचा क्रमांक असतो आणि नवरा-बायको दोघांची उत्तरे जोडता येतात. ही दोन उत्तरे परस्परांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे जोडपे हेच विश्लेषणाचे एकक धरावे लागते. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनी या तीन देशांच्या डेटावर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वतःच्या स्वभावाचा समाधानाशी असलेला संबंध सर्वांत ठळक दिसला, जोडीदाराच्या स्वभावाचा त्याहून कमी, आणि दोघांच्या स्वभावसाम्याचा जवळजवळ नगण्य. ३६ गुण जुळवणाऱ्या समाजात वाढलेल्या मला हा निष्कर्ष वाचून गंमत वाटली होती. मात्र विभक्त झालेल्या जोडप्यांपैकी एक जण सर्वेक्षणातून निघून जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणजे ज्यांचे बिनसले तेच नोंदीतून गळतात. गळतीचे कोष्टक न देणारा असा प्रबंध मी अपुरा समजतो.

भारतात याच तोडीचा वार्षिक डेटा नाही, परंतु काम थांबण्याचे कारण नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालणाऱ्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक लोक आहेत, आणि त्यात जीवनसमाधान व नैराश्य यांची मापे आहेत. २००४-०५ आणि २०११-१२ मध्ये फेऱ्या झालेले भारत मानव विकास सर्वेक्षण नात्यांचा अभ्यास वेगळ्या दाराने करू देते: घरात पुरुष आधी जेवतात की सगळे एकत्र, लग्नापूर्वी नवऱ्याला किती दिवस ओळखत होतात, मोठी खरेदी कोणाच्या शब्दाने होते. ‘आपण नात्यात किती समाधानी आहात?’ या प्रश्नाला सासूच्या देखत जे उत्तर मिळेल, त्यापेक्षा जेवणाच्या पंगतीचे उत्तर मला जास्त विश्वासार्ह वाटते. मुलाखतीच्या वेळी तिथे आणखी कोण होते, याची नोंद उपलब्ध असेल तर ती विश्लेषणात अवश्य घ्यावी.

स्वतःचा प्रश्न हाती घेण्यापूर्वी प्रसिद्ध निबंधातील एखादे कोष्टक त्याच डेटातून जसेच्या तसे काढून पाहावे. ते सहसा पहिल्या झटक्यात जुळत नाही. कोणाला वगळले, कोणते भारांक (नमुना देशाच्या लोकसंख्येशी जुळवणारे गुणक) लावले, याचा शोध घेताना अर्धे शिक्षण होते. त्यानंतर आपले गृहीतक आकडे पाहण्याआधीच तारखेसह लिहून मार्गदर्शकाकडे द्यावे, कारण हजारो रकान्यांत शोधत बसले की काहीतरी ‘लक्षणीय’ सापडतेच. आणि डेटाची नवी आवृत्ती आली की जुने आकडे थोडे हलतात, तेव्हा आवृत्तीचा क्रमांक आणि सॉफ्टवेअरला दिलेल्या सर्व आज्ञा असलेली फाइल पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी.