डचमधले ‘त्यावर’ आणि ‘त्याच्यावर’

नेदरलँड्समध्ये आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी उत्रेख्तच्या स्थानकावर एका सहकाऱ्याची वाट पाहत उभा होतो. दुसऱ्या सहकारिणीने फोनवर ‘तो आला का?’ असे विचारले, तेव्हा मी नुकत्याच शिकलेल्या नियमाच्या जोरावर ‘नेय, इक वाख्त एरऑप’ (‘नाही, मी त्याची वाट पाहतोय’ या अर्थाने) असे उत्तर दिले. क्षणभर थांबून तिने विचारले, ‘कशाची वाट पाहतोस, गाडीची?’

‘वाख्तन’, म्हणजे वाट पाहणे, या क्रियापदाबरोबर ‘ऑप’ हे अव्यय येते. वाट माणसाची असेल तर ‘ऑप हेम’ (त्याची) किंवा ‘ऑप हार’ (तिची) म्हणावे लागते; वस्तूची किंवा घटनेची असेल तर ‘हेत’, म्हणजे ‘ते’, लावून ‘ऑप हेत’ चालत नाही, तेथे ‘एरऑप’ होते. प्रश्न विचारतानाही हाच भेद राहतो. ‘ऑप वी वाख्त ये?’ म्हणजे कोणाची वाट पाहतोस, आणि ‘वार वाख्त ये ऑप?’ म्हणजे कशाची. या दुसऱ्या वाक्यात ‘वार’ आणि ‘ऑप’ यांची ताटातूट होते, आणि वाक्याच्या शेवटी एकटा उरलेला ‘ऑप’ ऐकू यायला मला कित्येक महिने लागले. शिवाय ‘मेत’, म्हणजे ‘बरोबर’, या अव्ययाचा अशा जोडणीत ‘मे’ होतो, म्हणून ‘एरमे’, ‘वारमे’.

वर्गात हा प्रकार सर्वांनाच चमत्कारिक वाटत होता, पण मराठी माणसाने त्याला बिचकण्याचे कारण नाही. ‘एर’ म्हणजे ‘त्या’ आणि ‘ऑप’ म्हणजे ‘वर’ असे धरले, तर ‘एरऑप’ हे सरळ आपले ‘त्यावर’ आहे, कारण येथे डच अव्यय शब्दयोगी अव्ययासारखे मागे जाऊन बसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ‘त्यावर विचार करतो’ आणि ‘त्याच्यावर विश्वास आहे’ या वाक्यांत आपणही बहुधा वस्तू आणि माणूस वेगळे ठेवतो. बोलताना आपण वस्तूलाही ‘त्याच्यावर’ म्हणून जातो, पण माणसाला ‘त्यावर’ म्हटलेले कानाला खटकते. त्या सहकारिणीच्या कानाला नेमके तेच खटकले होते.

संबंधी सर्वनामांत मात्र डच लोक स्वतःच सैल आहेत. ‘दे कोलेखा मेत वी इक वेर्क’, म्हणजे ‘ज्या सहकाऱ्याबरोबर मी काम करतो तो’, हे लेखनात निर्धोक रूप. बोलण्यात त्याच जागी ‘वारमे’ सर्रास ऐकू येते. परीक्षेच्या निबंधात किंवा कार्यालयीन पत्रात माणसासाठी ‘मेत वी’च लिहावे, असे माझे मत आहे. ‘मेइश्ये’, म्हणजे मुलगी, हा शब्द व्याकरणाने नपुंसकलिंगी असला तरी ‘तिच्याबरोबर’ हे ‘मेत हार’च होते.

अनेकवचनी माणसांसाठी अव्ययानंतर ‘हेन’ लिहितात, ‘हुन’ नाही. हा भेद सतराव्या शतकात व्याकरणकारांनी घालून दिलेला असल्यामुळे डच माणसेही त्यात चुकतात, तेव्हा त्याचा फार धसका घेऊ नये. आपली खरी अडचण आदरार्थी बहुवचनाची आहे. साहेबांविषयी बोलताना माझ्या तोंडी ‘ते’ येई आणि त्याचे डचमध्ये ‘ऑप हेन’ होई. मग समोरचा माणूस साहेबांबरोबर आणखी कोण येणार आहे, हे विचारत असे.