गरम फरशी: टाइलच्या आधी मल्टिमीटर

अमेरिका-कॅनडातल्या घरी बाथरूमच्या टाइलखाली विजेची हीटिंग वायर टाकणार असाल, तर आधी साधा मल्टिमीटर विकत घ्या. त्याने वायरचा रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) तीनदा मोजायचा: खोक्यातून काढल्यावर, जमिनीवर बसवल्यावर आणि टाइल लावून झाल्यावर. प्रत्येक वेळी ओहमचा आकडा वायरच्या लेबलशी ताडून लिहून ठेवा; वॉरंटीसाठी ही नोंद लागू शकते. वायर तुटल्याचं टाइल बसल्यावर कळलं, तर निदान काही टाइल फोडाव्याच लागतात.

वायरला जास्त धोका असतो तो टाइल चिकटवायचं अॅडहेसिव्ह पसरवणाऱ्या थापीच्या दात्यांचा. म्हणून तिच्यावर सेल्फ-लेव्हलिंगचा (आपोआप सपाट पसरणाऱ्या सिमेंट मिश्रणाचा) पातळ थर ओतून ती पूर्ण झाकावी, मग टाइल. खर्च थोडा वाढतो, पण माझ्या मते इथे काटकसर नको. वायर जाळीच्या मॅटवर बसवलेली असेल, तर ती जाळी कापून मॅट वळवता येते; वायर मात्र कधीच कापायची नाही, एकीवर दुसरी चढवायचीही नाही. कमोड आणि बेसिनच्या कपाटाखालची जागा सोडा. फरशीचं तापमान मोजणारा सेन्सर हीटिंग वायरच्या दोन ओळींच्या मधोमध ठेवा.

अॅडहेसिव्ह लवचीक, पॉलिमरयुक्त घ्या. ते लवकर वाळावं म्हणून हीटिंग सुरू करायचा मोह होतो. करू नका, कंपनीने सांगितलेले दिवस पूर्ण होऊ द्या. विजेची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, जीएफसीआय (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या) संरक्षणासह.

आणि वायर झाकण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. उद्या कुणी दाराचा स्टॉपर बसवायला फरशीत ड्रिल घालायच्या आधी तो दाखवता येईल.