पोरांसोबत लांबचा गाडीप्रवास: थांबे ठरवताना या चुका टाळा

मे महिन्यात किंवा दिवाळीला जळगावहून पुण्याला, धुळ्याहून सुरतेला नाहीतर मुंबईला गाडी काढायची म्हटलं की घरात बोलणं होतं ते निघायच्या आणि पोचायच्या वेळेवर. मधे कुठे थांबायचं ते 'लागेल तिथे थांबू' म्हणून सोडून दिलं जातं. पोराला लागतं मात्र घाटात, बायपासवर किंवा ट्रकांच्या रांगेत, जिथे गाडी बाजूला घेता येत नाही. चार-पाच वर्षांचं मूल 'शू आली' म्हणतं तेव्हा त्याच्या हातात पाच-दहा मिनिटंच असतात. म्हणून थांबा मुलाने मागायच्या आधी यायला हवा.

चूक: किलोमीटर मोजून थांबणं

'शंभर किलोमीटर झाले की थांबू' हा हिशेब चौपदरी रस्त्यावर चालतो, दुपदरीवर फसतो. घड्याळ धरा. दोन वर्षांच्या वरच्या मुलांसाठी दर दोन तासांनी वीस मिनिटं. त्याहून लहान बाळ सीटमध्ये बांधलेलं असेल तर दीड तासाच्या पुढे नेऊ नका. नवजात बाळाला त्याहूनही लवकर उचलून घ्यावं लागतं, कारण अर्धवट बसलेल्या अवस्थेत त्याची मान पुढे पडून श्वास अडू शकतो.

जळगाव ते पुणे, अजिंठा-सिल्लोडमार्गे, साधारण चारशे किलोमीटर. मोबाइलवरच्या नकाशाने आठ तास दाखवले तर दोन छोटे थांबे आणि जेवणाचा पाऊण तास धरून साडेनऊ होतात. हे आधीच मान्य केलं की चालवणारा थांब्यावर घाई करत नाही.

पहाटे पाचला निघालात तर पोरं झोपेत असतात. फर्दापूरला मुद्दाम थांबून त्यांना उठवू नका. पुढचा अजिंठ्याचा घाट झोपेतच पार होऊ द्या. झोपलेल्या मुलाला सहसा गाडी लागत नाही. पहिला थांबा सिल्लोडला, दुसरा नेवासा फाट्याला आणि जेवणाचा शिरूरच्या आसपास घ्या. शिरूरचा थांबा चुकवू नका. पुढे शिक्रापूर ते वाघोली या पट्ट्यात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात आणि तिथे मूल अडलं तर उपाय नसतो. मूल 'नाही लागली' म्हणालं तरी एकदा बसवून आणा.

चाळीसगाव-कन्नडमार्गे जाणाऱ्यांनी घाट चढण्याआधी चाळीसगावातच उरकून घ्यावं. धुळे-सुरत रस्त्यावर कोंडाईबारी घाटाआधी साक्री किंवा दहिवेल आणि घाट उतरल्यावर नवापूर. मुंबईकडे जाताना कसारा घाटाआधी घोटी-इगतपुरी. पोरं जागी असतील तर घाटाच्या अलीकडे थांबा हवाच. घाटात मात्र उलटी होत असली तरी वळणावर गाडी उभी करू नका.

समृद्धी महामार्गावरून जाणार असाल तर वर चढण्याआधीच सगळं आटपा. तिथे कडेला विनाकारण गाडी थांबवायला मनाई आहे, आणि मागून १२०च्या वेगाने येणाऱ्या गाडीला उभी गाडी वेळेत दिसत नाही. हवी तिथे सोय मिळेलच असं धरू नका.

चूक: थांब्यावर आधी खाणं

बहुतेक कुटुंबं उतरली की थेट टेबलावर बसतात. मुलं दोन तास बसलेली असतात आणि पुन्हा बसतात. नीट खात नाहीत, आणि निघताना शू आठवते. क्रम असा ठेवा: आधी शौचालय, मग हात धुणं, मग सात-आठ मिनिटं पळापळ, नंतर खाणं, शेवटी पाण्याचे दोन घोट आणि परत एकदा शू. पळापळीसाठी ढाब्याचं अंगण नको, तिथे मागे येणारे ट्रक असतात. कुंपण असलेलं मंदिराचं आवार, मोठ्या हॉटेलची मागची हिरवळ बरी. बरोबर एक चेंडू ठेवा. मोबाइल हातात दिलात तर थांबा झाला, हालचाल झाली नाही.

शौचालय घाण असलं की मुली विशेषतः दाबून धरतात, पाणी पिणंच सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी जळजळ सुरू होते. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा फुकट मिळते. गाडीत इंधन भरलंच पाहिजे असं नाही. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी घरची पॉटी डिकीत टाका. सोबत लिटरभर पाण्याची वेगळी बाटली, कागदी साबण, जुनी वर्तमानपत्रं आणि चार-पाच पिशव्या.

चूक: शेवभाजी, तीही घाटाच्या तोंडावर

खान्देशात ढाब्यावर बसलं की काळ्या मसाल्याची शेवभाजी येणारच. मोठ्यांनी खुशाल खावी, पण तर्री आणि तिखट मुलांच्या पोटात ढवळतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी उपाशीही निघू नये. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. घरून दुधात भिजवलेल्या दशम्या घ्या, त्या दोन दिवस मऊ राहतात. तिखट न घातलेली दाण्याची चटणी, केळी, मुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू. घाटाच्या पाऊण तास आधी दूध देऊ नका.

दोन ते बारा वर्षं या वयात गाडी लागण्याचं प्रमाण जास्त. कानातला तोल सांभाळणारा भाग 'आपण हलतोय' सांगतो आणि मोबाइलवर खिळलेले डोळे 'हलत नाही' सांगतात. या गोंधळातून मळमळ येते. म्हणून घाटात पुस्तक-मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर, काच थोडी खाली. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्याच्या आधी. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबर बाहेर पडते.

उन्हाळा वेगळा धरा

जळगाव-भुसावळचा मे म्हणजे ४४-४५ अंश. उन्हात उभ्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंश वाढतात आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फरक जवळपास पडत नाही. 'झोपलाय, राहू दे, पाच मिनिटांत येतो' हे कधीही करू नका, आजी सोबत बसली असली तरी. बंद गाडीत आजीलाही तितकाच धोका आहे. परत बसवताना बेल्टचं धातूचं कुलूप आधी हाताने पाहा, ते चटका देतं.

चौघांच्या कुटुंबाला पाच-सहा लिटर पाणी बरोबर असू द्या. मुलाला एकदम ग्लासभर न देता दर वीस-तीस मिनिटांनी दोन-तीन घोट. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, अंगावरचं दूधच जास्त वेळा द्यायचं, आणि तेही गाडी उभी करून. चालत्या गाडीत बाळ मांडीवर घेतलं की अचानक ब्रेकला ते हातात राहत नाही.

उलटी झालीच तर दहा मिनिटं काही देऊ नका. मग ओआरएस, एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालतात. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकलं तर मीठ जास्त होतं आणि त्रास वाढतो. कोल्ड्रिंकमध्ये कालवू नका. कालवलेलं २४ तासांनी फेकून द्या. सहा-आठ तास शू नाही, डोळे खोल, मूल सुस्त, अशी लक्षणं दिसली तर पुढचा थांबा गाठण्याचा विचार सोडा आणि जवळचं रुग्णालय शोधा. रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३.

थांबायची बाजू आणि वेळ

आवडता ढाबा उजव्या हाताला आहे म्हणून पोरांना घेऊन रस्ता ओलांडू नका. आपल्या बाजूची जागा निवडा, गाडी पूर्ण रस्त्याखाली उतरवा, मुलांना डाव्या दाराने काढा, उजव्या दाराचं चाइल्ड लॉक लावलेलं ठेवा. हिवाळ्यात संभाजीनगर ते अहिल्यानगर पट्ट्यात अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, कित्येकींना मागे दिवा नसतो. त्या वेळी रस्त्याच्या कडेला थांबणं आणि वेगाने जाणं, दोन्ही टाळा.

चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट बंधनकारक आहे, नाहीतर हजार रुपये दंड. प्रत्येक थांब्यानंतर बेल्ट पुन्हा लावला का ते चालवणाऱ्याने स्वतः मागे वळून पाहावं.

चालवणाऱ्यालाही डुलकी येते, विशेषतः जेवणानंतर एक ते तीनमध्ये. जेवून लगेच चाक हातात न घेता पंधरा मिनिटं गाडीबाहेर सावलीत पडा, किंवा दुसऱ्याला चालवू द्या.

आणि लागणारी पिशवी डिकीत बॅगांखाली गाडू नका. ओआरएस, एक जोडी कपडे, पिशव्या, ओला रुमाल आणि पाणी मागच्या सीटच्या पायाशी, हात पोचेल तिथे ठेवा.